तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बेटावरच्या घराचं

लग्नात, दवाखान्यात, परवा तर तेराव्याच्या जेवणाला बसलो होतो तिथंसुद्धा एकानं विचारलंच, "काय हो, लेकीकडं इंग्लंडला गेलतात अन् लंडन सोडून समुद्रातल्या जुन्या घरात कशाला राहिलात, काय होतं तिथं?" दरवेळी अर्धवट सांगून सोडतो, आज एकदाच सगळं लिहून टाकतो.

बेटाचं नाव लंडी. चारचौघांत म्हणायला अवघड, म्हणून मी आपलं 'ते बेट'च म्हणतो. इंग्लंडच्या नैऋत्येला ब्रिस्टल चॅनल नावाची खाडी आहे, तिच्या तोंडाशी, लांबीला पाचेक किलोमीटर, रुंदीला जेमतेम एक, पूर्वेला झाडंबिडं आहेत पण पश्चिमेला नुसते ग्रॅनाइटचे सरळ कडे अन् खाली अटलांटिक आपटायला. जायला जहाजानं दोन तास. मी मांजरा धरणापेक्षा मोठं पाणी न बघितलेला माणूस, पहिल्या अर्ध्या तासातच पिशवी मागून घेतली.

घर म्हणजे मिलकोंब हाऊस, 1836 चं. बेटाच्या तेव्हाच्या मालकाचं आडनाव हेवन, म्हणजे इंग्रजीत स्वर्ग, म्हणून लोक बेटाला स्वर्गाचं राज्य म्हणायचे म्हणे. आता 1969 पासून लँडमार्क ट्रस्ट बेट चालवतो. त्यांचं काम साधं आहे, पडायला आलेली जुनी घरं नीट करायची, पाहुण्यांना भाड्यानं द्यायची अन् त्या भाड्यातून घर उभं ठेवायचं. घरात बारा जण मावतात, लेकीच्या ऑफिसातल्या दोस्तांनी मिळून भाड्यानं घेतलं होतं. टीव्ही नाही. रात्री बारा ते सकाळी सहा जनरेटर बंद. बायको अंधारात म्हणाली, "एवढं विमानाचं तिकीट काढून लोडशेडिंगच बघायला आणलंत का?"

पण मला बसल्या जागी धरलं ते छपरानं. मिलकोंबचं छप्पर बाहेर उतरत नाही, आत उतरतं, पावसाचं पाणी धरायला. चहूबाजूंनी समुद्र अन् प्यायच्या पाण्याची टंचाई, म्हणून ही युक्ती. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या वाड्याला माळवद आहे, म्हणजे पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर, आजोबा पावसाळ्याआधी स्वतः चढून तुडवायचे, पण पाणी पन्हाळीतून सरळ गल्लीत जायचं, कुणाला काही वाटायचं नाही. त्याच लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, अन् आम्ही स्टेशनवर बघायला गेलतो. त्या छपराखाली झोपून मला हेच आठवत राहिलं, झोप काही आली नाही.

तिथल्या लोकांना सगळंच जमतं असं नाही बरं का. 1819 साली बेटाच्या सगळ्यात उंच जागी दीपगृह बांधलं, आता उंचीवरच धुकं दाटतं, मग दिवा दिसणार कुणाला? शेवटी 1897 ला खाली दोन टोकांना दोन नवे बांधावे लागले. हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्या चुकलेल्या दीपगृहाच्या आवारातपण आता पाहुणे राहतात, पाडलं नाही ते.

आमच्याकडं 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतीखाली झोपायची हिंमतच गेली लोकांची, अन् ती भीती खोटी नव्हती, किल्लारीत तशाच जड भिंती अन् माळवदं माणसांवर पडली. आमचा वाडा तडा जाऊन उभा राहिला. तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, मग लातूरला फ्लॅट, अन् वाड्याला कुलूप ते कुलूपच. ढेळजेत, म्हणजे दारातल्या ओसरीत, आता शेजाऱ्याचा कडबा असतो.

परत आल्यावर चुलतभावाला म्हणलं, भिंतींना इंजिनिअर दाखवू, माळवदाचं पाणी हौदात घेऊ, दोन खोल्या पाहुण्यांना देऊ. नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, वाड्याला सात नावं आहेत. तो म्हणाला, "कर की, पण आधी वाटणी होऊ दे."