पंपाशिवाय वर चढणारं रक्त

गिरगावातल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. आमचा पेशंट एकदा मशीनवर घेतला की चार तास तिथेच, आणि बहुतेकांना आठवड्यातून तीनदा यावं लागतं. हातात दोन सुया, त्यामुळे तो हात हलवायचा नाही. तहान लागली तरी पाणी घोटभरच. अशा माणसांपुढे चार तास टीव्हीवर काय लावायचं, याचा मी मशीनच्या सेटिंगइतकाच मनापासून विचार करते. बातम्या लावल्या की हॉल मुका होतो. ‘अशी ही बनवाबनवी’ लावला की सिस्टरला ओरडावं लागतं, “हसा, पण हात हलवू नका!” दवाखान्यात कुणीतरी झिजत झिजत जातं, असे सिनेमे मी घरी बघते आणि ते मला आवडतातही. पण इथे ते कुणीच मागत नाही.

पावसाळ्यातल्या एका सोमवारी भायखळ्याहून एक मुलगा आला. वय एकोणीस, पहिलंच डायलिसिस. हातातला फिस्चुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर आणि धमनी, तयार व्हायला सहा-आठ आठवडे तरी लागतात, तोवर मानेच्या शिरेत नळी टाकतात. त्याच्याही उजव्या बाजूला ती होती. पहिलं सेशन आम्ही दोनच तासांचं ठेवतो आणि पंपही हळू चालवतो. रक्तात साचलेला युरिया, म्हणजे शरीरातला टाकाऊ पदार्थ, एकदम उतरला तर मेंदूला सूज येऊ शकते.

मशीन सुरू झालं. नळ्या लाल झालेल्या बघितल्या आणि पोरानं गर्रकन भिंतीकडे मान वळवली. तशी वळवली की नळी दुमडते, रक्त ओढलं जात नाही आणि अलार्म वाजतो. मी मान सरळ केली, अलार्म बंद केला. दोन मिनिटांत पुन्हा तेच. बाहेर बसलेली त्याची आई प्रत्येक आवाजाला उठून दारात यायची. अलार्ममुळे पंप थांबतो, थांबलेलं रक्त साकळायला लागतं. शेवटी शेवटी मला धाकधूक वाटायला लागली. समजावून झालं होतं, सिस्टर रागावूनही झाली होती. डोळे मिटून पड म्हटलं तर मिटल्या डोळ्यांनीही मान भिंतीकडेच.

शेजारच्या बेडवर आमचे खेतवाडीचे काका होते. सोम-बुध-शुक्र, बरीच वर्षं. ते म्हणाले, “पोरी, टीव्ही समोर आहे ना? मग त्याला समोर बघायला लाव. ‘अमर अकबर अँथनी’ लाव.” त्याचे दिग्दर्शक मनमोहन देसाई खेतवाडीतच राहायचे. त्यामुळे त्यांच्या सिनेमांबद्दल काका घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

मुलानं गाणी ऐकली होती, सिनेमा बघितला नव्हता. पंधरा ऑगस्टला तीन भाऊ एकमेकांपासून तुटतात, आईची दृष्टी जाते, एकेक मूल एकेका घरी पोहोचतं. हे सगळं देसाई इतक्या झपाट्यानं उरकतात की मान वळवायला सवड मिळत नाही. अलार्म वाजायचा थांबला, हे माझ्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

मग तो प्रसंग आला. फुलं विकणारी आंधळी आई अपघातात सापडून इस्पितळात येते आणि तिघं अनोळखी तरुण तिला रक्त देतात. विनोद खन्ना, ऋषी कपूर, अमिताभ बच्चन ओळीनं आडवे. तिघांच्या हातातून तीन नळ्या वर जातात, वरच्या बाटलीत रक्त एकत्र होतं आणि तिथून खाली निरूपा रॉयच्या हातात. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते इथे.

पोरानं पहिल्यांदा तोंड उघडलं. “ताई, रक्त वर कसं चढलं?”

“नाही चढत,” मी म्हटलं. “पंप लागतो. तुझ्या मशीनवर बघ.”

आणि त्यानं बघितलं. मान सरळ ठेवून, नुसते डोळे फिरवून. फिरणारा रोलर नळी दाबत दाबत रक्त पुढे ढकलतो, ते त्याला दाखवलं. मिनिटाला 150 मिली. सगळं रक्त बाहेर काढतात का, हे त्याला कधीपासून विचारायचं होतं. एका वेळी पाव लिटरच्या आसपासच बाहेर असतं, हे ऐकून त्यानं मूठ सोडली. सुरुवातीपासून त्यानं चादर धरून ठेवली होती.

काका म्हणाले, “देसायाला पंप लागत नाही रे. आईसाठी चढतं रक्त.” हे वाक्य त्यांनी अजिबात न हसता म्हटलं आणि मला ते शंभर टक्के पटतं. क्रॉसमॅच नाही, म्हणजे रक्त जुळतं का याची तपासणीच नाही, पंप नाही, तिघांचं रक्त एका बाटलीत. माझ्या धंद्याचा एकही नियम त्या सीनमध्ये टिकत नाही. तरी दर वेळी माझा घसा दाटतो.

दोन तास संपले तेव्हा आईची दृष्टी परत यायची होती. नळीचं ड्रेसिंग करताना त्यानं काकांना विचारलं, “तिला दिसायला लागतं ना शेवटी?”

“सांगणार नाही. उद्या येऊन बघ.”

सुरुवातीची सेशन्स लागोपाठच्या दिवशी असतात. मंगळवारी बॅच वेगळी. पोरगा आत आल्या आल्या म्हणाला, “ताई, कालचा उरलेला लावा.” कोपऱ्यातल्या मावशींनी साफ नकार दिला. अर्ध्यातून सिनेमा बघायला त्या तयार नव्हत्या. मग पहिल्यापासून लावला. त्या दिवशी त्याचं सेशन तीन तासांचं होतं, सिनेमाही तेवढाच. रक्ताचा सीन आला तसा तो मावशींना सांगायला लागला, “आता बघा, पंप नाहीये हां!” मशीन बंद केलं तेव्हा शेवट थोडा राहिला होता आणि बेड पुढच्या पेशंटला हवा होता. म्हणून टीव्हीसमोर दोन स्टुलं टाकली, त्याला आणि त्याच्या आईला.

बुधवारी तो चार तासांसाठी आला, काकांच्या शेजारीच. काकांनी ‘धरम वीर’ लावायला सांगितला. 1977 साली देसाईंचे चार सिनेमे आले होते, ‘परवरिश’ आणि ‘चाचा भतीजा’ अजून बाकी आहेत. “शुक्रवारी कुठला?” पोरानं विचारलं, आणि त्यावरून हॉलमध्ये भांडण सुरू झालं.