१७ नंबरने केलेला घोळ

लाइव्ह साइटवर बातम्यांच्या पानाचं डिझाइन नोकरभरतीच्या पानांना लागलेलं दिसलं तेव्हा आधी वाटलं कॅश (पानाची साठवलेली जुनी कॉपी) असेल, नेहमी कॅशच असतो ना. क्लिअर केला, परत केला, ढिम्म फरक नाही. मग कोड उघडला तर त्यात मीच कधीतरी लिहून ठेवलेलं, टर्म आयडी (कॅटेगरीचा नंबर) १७ असेल तर हे टेम्प्लेट वापर. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या साइटवर, १७ म्हणजे बातम्या, पण लाइव्हवर एडिटर लोकांनी मधल्या काळात दोन-चार कॅटेगऱ्या वाढवलेल्या, त्यामुळे तिथे १७ म्हणजे नोकरभरती. एरर कुठेच नाही.

नंबर हा त्या मजकुराचा नसतोच, त्या टेबलातल्या रांगेचा असतो. डेटाबेस बदलला की तोच नंबर भलत्याच्या नावावर.

आमची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्या ड्रुपलमध्ये व्हर्जन ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, प्रत्येक नोड (पान किंवा लेख), टर्म, ब्लॉकला (पानावरचा छोटा तुकडा) दोन्ही मिळतात, नंबर पण आणि यूयूआयडी पण, म्हणजे डेटाबेस बदलला तरी तोच राहणारा लांबलचक आयडी. आता यूयूआयडी वापरला म्हणजे सगळं सुटलं असं अजिबात नाही हं. स्टेजिंगवर कस्टम ब्लॉक बनवला आणि कॉन्फिग (साइटच्या सेटिंग्ज) लाइव्हवर नेलं, तर कॉन्फिगमध्ये त्याचा यूयूआयडी जातो पण ब्लॉक स्वतः कंटेंट असल्यामुळे मागेच राहतो, आणि पानावर ब्लॉक ब्रोकन किंवा मिसिंग आहे असा मेसेज येतो. वैताग येतो, पण मला तो चालतो, कारण चुकीची गोष्ट गुपचूप दाखवण्यापेक्षा सापडत नाही म्हणून बोंब मारलेली बरी. लाइव्हवर तोच यूयूआयडी देऊन ब्लॉक बनवला की काम झालं.

वर्डप्रेसवाल्यांनी पोस्ट टेबलातला जीयूआयडी (एरवी यूयूआयडीचंच दुसरं नाव) कॉलम बघून खूश होऊ नये, तो दिसायला यूआरएल असतो, यूयूआयडी नाही.

मग नंबर काढूनच टाकायचा का? नको. व्हर्जन ४ चा यूयूआयडी जवळपास सगळा रँडम, १२८ पैकी १२२ बिट, आणि मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी (डेटा साठवणारा भाग) प्रायमरी कीच्या, म्हणजे रोच्या मुख्य आयडीच्या, क्रमाने रो ठेवतं, त्यामुळे नवीन रो मध्येच कुठेतरी घुसते, शिवाय बाकीच्या प्रत्येक इंडेक्समध्ये (पटकन शोधायच्या यादीत) ती की परत साठते. ३६ कॅरेक्टरची टेक्स्ट म्हणून ठेवली तर अजूनच जड, बायनरीत १६ बाइटमध्ये बसते. २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकाने व्हर्जन ७ आणलं, त्यात सुरुवातीचे ४८ बिट वेळेचे असल्याने क्रम बराच सांभाळला जातो, पण रेकॉर्ड कधी बनला तेही कळतं. आणि फोनवर "नोड ४१२ उघड" म्हणता येतं, ३६ अक्षरं कोण वाचून दाखवणार!

म्हणून आत डेटाबेसमध्ये जॉइनसाठी (टेबलं जोडायला) नंबर, आणि कोड, एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायची सोय), मायग्रेशन (डेटा इकडून तिकडे नेणं) यात यूयूआयडी. आता ग्रेप (फाइलींत मजकूर शोधायची कमांड) मारून जुने नंबर शोधतोय, काल एका ट्विग (टेम्प्लेटच्या) फाइलमध्ये ८८ सापडला, तो कशाचा हे टीममध्ये कोणालाच आठवत नाहीये.