त्रिकोण उलटा ठेवला तर

काल रात्री जेवणे आटोपल्यावर आसावरी सहज म्हणाली, "आई, मनूसाठी रंगांचे आणि आकारांचे थोडे चांगले व्हिडिओ तुम्हीच निवडून द्या ना, तुम्हाला त्यातले कळते," आणि ती सकाळच्या डब्याची भाजी निवडायला बसली. माझा मान ठेवण्याखेरीज तिच्या मनात दुसरे काही नव्हते, याविषयी मला शंका नाही. तरीही ते वाक्य मला लागले. का लागले, ते आज दिवसभर शोधूनही नीट उमगलेले नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ज्या गोष्टी जन्मभर मुलांना मांडीवर आणि सतरंजीवर घेऊन शिकवल्या, त्याच गोष्टींसाठी आता माझ्याकडून केवळ निवड हवी आहे, असे मला त्यात ऐकू आले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले, तेव्हा शिंपले, बिया, पाने, दगडगोटे हेच त्यांचे शिकवण्याचे साहित्य होते. आम्ही घडलो ते त्याच वळणावर. गोल म्हणजे काय, हे सांगण्याआधी मुलाचे बोट डब्याच्या झाकणाच्या कडेवरून फिरवायचे, इतके ते साधे होते. आता गुडघ्यामुळे मला खाली बसता येत नाही, आणि घरातल्यांना ते माहीत आहे, म्हणूनच बहुधा व्हिडिओचा विषय निघाला. हे असते तर त्यांनी मनूला घेऊन अंगणात... असो.

सकाळी मनू झोपलेली असताना मी मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहिले. बहुतेकांत त्रिकोण एकाच पद्धतीचा असतो: तिन्ही बाजू सारख्या, पाया खाली, टोक वर, त्याला डोळे आणि हसरे तोंड. ज्या मुलाने तेवढाच त्रिकोण पाहिला, त्याला लांबट किंवा उलटा ठेवलेला त्रिकोण हा त्रिकोण वाटत नाही, हे बालवाडीतही दिसायचे आणि मुलांच्या भूमितीवर काम करणाऱ्या संशोधकांनीही ते नोंदवले आहे. खात्री करावी म्हणून दुपारी मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून एक अरुंद त्रिकोण कापला आणि त्याचे टोक खाली करून मनूपुढे धरला. तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला, एक कोपरा चावून पाहिला आणि ठामपणे "नाही" म्हणाली. "मग त्रिकोण कुठे आहे?" असे विचारल्यावर तिने टेबलावरच्या मोबाईलकडे बोट दाखवले.

त्या बोटाने मला जितके वाईट वाटले तितके आसावरीच्या वाक्यानेही वाटले नव्हते. आपल्या हातातली वस्तू खोटी आणि काचेमागची खरी, असे एवढ्याशा जिवाने ठरवावे, आणि ते आपल्या घरात घडावे, याचा त्रास झाला. माझी जागा त्या काचेने घेतली, असे मनात आले. तो विचार मी दुपारभर बाजूला सारत होते आणि तो पुन्हा पुन्हा येत होता.

संध्याकाळी मात्र तिला शेजारी खुर्चीत घेऊन त्यातलाच एक व्हिडिओ लावला. त्यात चार चित्रे येतात आणि बाई विचारतात, "गोल कुठे आहे?" मनूने पडद्याकडे पाहिले नाही, तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिले. मी व्हिडिओ थांबवला. तिने माझ्या बांगडीला हात लावला आणि "गोल" म्हणाली. पडद्यावरचा गोल लाल होता आणि माझी बांगडी हिरवी, तरी तिची गफलत झाली नाही.

मग मला पूर्वी वाचलेले आठवले. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेचे ध्वनी ओळखायला शिकले, पण तीच माणसे आणि तेच बोलणे व्हिडिओवर दाखवले तेव्हा काहीच शिकले नाही. मनू मोठी आहे, ती व्हिडिओतूनही थोडेफार उचलते. तरीही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती माणसाच्या चेहऱ्यावर शोधते, हे मी आज डोळ्यांनी पाहिले, आणि कालपासूनचा सल पुष्कळ उतरला. बालवाडीतही नुसत्या लाकडी ठोकळ्यांनी कोणाला काही शिकवले नव्हते. व्हिडिओ हे एक साहित्य आहे, आणि साहित्य निवडणे हे बाईचेच काम होते. मग माझ्याकडून निवड मागितली यात मला कमीपणा का वाटावा?

म्हणून मी निवडायला बसले, आणि आपल्या जुन्याच कसोटीने बसले. माँटेसोरी पद्धतीत नाव शिकवण्याच्या तीन पायऱ्या आहेत, त्या मुळात सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या: आधी "हा चौकोन" असे सांगायचे, मग "चौकोन मला दे" असे म्हणायचे, आणि अगदी शेवटी "हे काय आहे?" असे विचारायचे. पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंत पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी आहे, आणि उत्तरही मुलाला तोंड उघडू न देता तेच देऊन टाकतात. मधली पायरी, जिथे मूल न बोलताही हाताने दाखवू शकते, ती गळालेली आहे. जिथे प्रश्नानंतर निदान एक श्वासभर शांतता आहे, तेवढेच मी ठेवले. गोल नेहमी लाल आणि चौकोन नेहमी निळा दाखवणारे काढून टाकले, कारण "गोल" हे नाव आकाराचे की रंगाचे, हे मुलाला त्यातून कळायला मार्ग उरत नाही. दर दोन सेकंदांनी चित्र बदलणारे आणि मागे ढोल वाजणारेही काढले. इंग्रजी नावांचे काय करायचे, ते आसावरीशी बोलून ठरवू. त्यावर आज मला वाद नको आहे.

वेळेचे मात्र मी ठरवूनच टाकले आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात तासाभराहून अधिक काळ पडद्यापुढे बसू नये, त्याहून कमी असेल तर उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. आमच्याकडे दहा मिनिटे पुरेत, तीही कोणीतरी शेजारी असताना, आणि आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करून. रंगांची नावे मुलांना वस्तूंच्या नावांपेक्षा उशिराच जमतात, त्यामुळे त्याची घाई करण्याचे कारण नाही.

यादीत जांभळ्या रंगापुढची जागा अजून रिकामी आहे. पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओत तो एकतर निळ्याकडे झुकतो किंवा गुलाबीकडे, आणि मनूला जांभळा असा अर्धवट दाखवणे मला पटत नाही. उद्या भाजी आणायला जाईल त्याला पाव किलो वांगी आणायला सांगितली आहेत, देठासकट.