डोंगल, फॉन्ट आणि जुना पेंटियम

कोल्हापुरातल्या बऱ्याच छापखान्यांत आणि डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडण्याच्या, दुकानांत आजही एखादा संगणक असा सापडतो, ज्याला इंटरनेट जोडलेले नसते, ज्यावर अजून विंडोज एक्सपी चालते आणि ज्याला हात लावण्याची मुभा एकदोघांनाच असते. माझ्याकडेही तसा एक आहे. पेंटियम फोरचा प्रोसेसर, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि मागच्या बाजूला प्रिंटरचे ते लांबट, पंचवीस पिनांचे पोर्ट. दुरुस्तीला येणारा मुलगा दर वेळी मनापासून सांगतो, ‘‘ताई, हे आता भंगारात घाला की, याचे पार्टसुद्धा मिळत नाहीत.’’ पार्ट मिळत नाहीत हे खरे आहे. तरीही तो संगणक मी का ठेवला आहे, हे नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

मराठीत डीटीपी सुरू झाले तेव्हा युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, वापर आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, म्हणजे १९९१ मध्ये, देवनागरीला जागा मिळाली होती. पण पेजमेकरसारख्या पाने मांडण्याच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दिवसभर काम करत असू, त्याला ती देवनागरी कळत नव्हती. म्हणून श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरचे फॉन्ट वापरले जात. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी चिन्हांचाच असे, मराठी दिसे ती केवळ फॉन्टमुळे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांच्या रांगा येतात. शिवाय सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची नक्कल वापरता येऊ नये म्हणून दिलेली किल्लीवजा डबी, येई. ते प्रिंटरच्या पोर्टला लावायचे आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत खोचायची. डोंगल काढले की सॉफ्टवेअर उघडत नसे.

त्यामुळे फाइल, फॉन्ट, सॉफ्टवेअर, डोंगल, पोर्ट आणि मदरबोर्ड अशी एक साखळीच तयार झाली. तिच्यातला एक दुवा निखळला तर उरलेले पाच कितीही धड असले तरी निरुपयोगी ठरतात. सर्वांत कच्चा दुवा पोर्टचा आहे. नव्या मदरबोर्डांवर ते सहसा नसते. यूएसबीला जोडायची जी केबल बाजारात मिळते, ती प्रिंटरपुरतीच असते. तिच्यावर जुने डोंगल ओळखले जात नाही. मदरबोर्डावरच्या पीसीआय नावाच्या खाचेत बसणारे पोर्टचे कार्ड मिळते, पण मदरबोर्डावरच्या मूळ पोर्टचा पत्ता, म्हणजे संगणक ते ज्या क्रमांकाने ओळखतो तो, बहुधा ३७८ असतो आणि कार्डाला दुसराच पत्ता मिळतो. ज्या डोंगलचे सॉफ्टवेअर ठरावीक पत्त्यावरच शोध घेते, त्याला ते सापडत नाही. दुकानदार कार्ड देताना ‘‘चालायला पाहिजे’’ म्हणतो, ते प्रामाणिकपणेच म्हणतो, परंतु घेण्यापूर्वी आपले डोंगल तेथे नेऊन लावून पाहावे हे बरे.

या संगणकात काय आहे, हेही सांगायला हवे. आमच्या जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आणि सेवा सोसायट्या आहेत. त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात, म्हणून जुलैपासून अहवाल छपाईची घाई सुरू होते. ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासदांच्या मुलांचे गुणगौरव, वर्षभरात निधन झालेल्या सभासदांना श्रद्धांजली, संचालकांच्या छायाचित्रांखाली त्यांची नावे, असे सगळे त्या पुस्तिकांत असते. कित्येक संस्थांकडे जुन्या अहवालांची छापील प्रत उरलेली नाही. ती फाइल फक्त छापखान्यात आहे. त्याशिवाय तालीम मंडळांची पावती पुस्तके, कुस्ती मैदानांची हँडबिले आणि लग्नपत्रिका आहेत. कोणत्या मैदानात कोणाची जोड कोणाशी लागली होती, हे एखाद्या हँडबिलाशिवाय दुसरीकडे कोठेही नोंदलेले नसेल. हा गावाचा लेखी ठेवा आहे असे मला वाटते, आणि तो माझ्याकडे आला आहे तर तो जपणे माझे काम आहे.

पुराचा अनुभव घेतलेल्या शहरात हे जपणे सोपे नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. अहवालांची घाई आणि पुराचे दिवस नेमके एकाच वेळी येतात. आमचा संगणक दोन्ही वेळा माळ्यावर चढवला होता. शेजारच्या एका दुकानातला मात्र खाली राहिला, आणि पाणी ओसरल्यावर त्याची हार्ड डिस्क मी हातात घेऊन पाहिली. डिस्कच्या झाकणावर हवा आतबाहेर होण्यासाठी एक बारीक छिद्र असते आणि ते झाकू नये अशी सूचनाही पुष्कळदा तेथे छापलेली असते. त्या छिद्राच्या तोंडाशी तांबूस गाळ वाळून घट्ट बसला होता. आतल्या तबकडीपासून हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. तेथे गाळाचा सूक्ष्म कणही तबकडी खरवडून काढतो. डिस्क उन्हात सुकवून जोडली गेली, घासल्याचा आवाज आला आणि ती बंद पडली. भिजलेली डिस्क विजेला जोडू नये, वाळवण्याच्याही भरीस पडू नये, तशीच डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे न्यावी. हे मी भेटेल त्याला सांगते, कारण पहिल्यांदा वीज देतानाच सर्वाधिक नुकसान होते.

एरवीची देखभाल साधी आहे. मदरबोर्डावरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरू होताना संगणक एफ-वन दाबायला सांगतो. पुष्कळ लोक एवढ्यावरून संगणक गेला असे समजतात. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या की बंद पडलेला डिस्प्ले अनेकदा परत येतो. कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर ते वेळीच बदलून घ्यावेत. त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांना हा रोग होता.

पण देखभालीने वर्षे वाढतात, प्रश्न सुटत नाही. संगणक चालू आहे तोवर मजकूर बाहेर काढणे, हेच खरे काम आहे आणि सध्या मी रोज संध्याकाळी तेच करते. प्रत्येक फाइलची आधी पीडीएफ करते, म्हणजे मूळ मांडणी टिकते. मात्र त्या पीडीएफमध्ये शोध घेता येत नाही, कारण आतला मजकूर जुन्या फॉन्टचाच असतो. म्हणून मजकूर वेगळा काढून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणते. येथे खरी कसोटी लागते. जुन्या फॉन्टात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये याच्या नेमके उलट असते. ‘निर्मिती’ या शब्दात वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर येतात, आणि साधा कन्व्हर्टर तेथे हमखास अडखळतो. मजकुरात मध्येच इंग्रजी नाव किंवा खाते क्रमांक असेल तर तोही मराठी समजून बदलला जातो आणि भलतीच अक्षरे उमटतात. त्यामुळे प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी किंवा पीडीएफशी ताडून वाचावे लागते. आकडे आणि आडनावे मी दोनदा वाचते.

नवे काम अर्थातच नव्या संगणकावर होते. एसएसडीमुळे, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कमुळे, तो काही सेकंदांत सुरू होतो आणि युनिकोड मराठी कोणत्याही डोंगलशिवाय लिहिता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते. परंतु मधल्या पिढीचे, दहाएक वर्षांपूर्वीचे संगणक लोक घाईने विकत आहेत, तेही थांबायला हवे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून हे संगणक एकदम बाद ठरले आहेत. त्यांत एसएसडी बसवून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली तर मराठी टायपिंग आणि कन्व्हर्ट केलेला मजकूर तपासणे, ही कामे ते उत्तम करतात. मी असाच एक संगणक तपासणीसाठी ठेवला आहे.

अहवालांपैकी दूध संस्थांचे काम आता पूर्ण होत आले आहे. तयार झालेला युनिकोड मजकूर आणि पीडीएफ त्या त्या संस्थेच्या सचिवांना पेनड्राइव्हवर देते, आणि एक प्रत माझ्याकडे दुसऱ्या डिस्कवर, दुकानात नव्हे तर घरी वरच्या मजल्यावर ठेवते. यानंतर कुस्तीची हँडबिले घ्यायची आहेत. त्यांत पैलवानांच्या नावांबरोबर गावांची आणि वस्तादांचीही नावे असल्याने ती तपासायला तालमीतला जाणकार माणूस शेजारी बसवावा लागेल.