दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखतं कुठे, आणि गोळी कधी घ्यायची

दुर्बिणीतून गर्भाशय किंवा अंडाशयाची गाठ काढली की घरच्यांचं लक्ष टाक्यांकडे, आणि बाई म्हणते, "खांदा फार दुखतोय!" मग पोटात गॅस धरला असं समजून लगेच ओव्याचं पाणी उकळायला ठेवतात.

ऑपरेशनच्या वेळी आतलं नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो काढतात, तरी थोडा उरतोच. उठून बसलं की तो वर सरकून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली साठतो. त्या पडद्याच्या आणि खांद्याच्या नसा मानेतल्या मणक्यांपाशी एकाच भागातून निघतात, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. हा वायू आतड्यात नसतोच, तेव्हा ओवा-हिंगाने तो निघत नाही. शरीर तो शोषून घेतं, बहुतेकींना दोन-तीन दिवसांत उतार पडतो. तोवर थोडं सपाट पडावं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 15 मिनिटं खांद्यावर ठेवावी. टाक्यांवर शेक नको.

गोळ्यांच्या बाबतीत "दुखलं तर घेईन" हे धोरण फार महागात पडतं. दुखणं एकदा चढलं की उतरायला वेळ लागतो, आणि दुखण्याच्या भीतीने बाई खोल श्वास घेत नाही, चालत नाही. पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून घ्या. पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम दर 6 तासांनी, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम. दोन्हींचं काम वेगळं, म्हणून जोडीने जास्त फरक पडतो. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दुखण्याच्या गोळीने वाढणारा दमा असेल तर आयबुप्रोफेन नको.

आता पाकिटाची मागची बाजू वाचा. ॲसिक्लोफिनॅक किंवा ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या औषधांच्या जोडगोळीत (एकाच गोळीत दोन औषधं) बहुतेक वेळा 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. वर वेगळी गोळी घेतली की बेरीज वाढते. दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. वजन 50 किलोच्या खाली असेल किंवा यकृत कमजोर असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टर ठरवतील. ॲसिक्लोफिनॅकबरोबर आयबुप्रोफेनही घेऊ नका, दोन्ही एकाच जातीची.

ट्रॅमाडॉलने बऱ्याचदा बद्धकोष्ठता होते, आणि मग कुंथताना ओटीपोट ठणकतं. इथे इसबगोलपेक्षा लॅक्ट्युलोज हे शौच मऊ करणारं पातळ औषध बरं. डॉक्टरांना विचारून रात्री 15 मिली. सेव-उसळ आठवडाभर थांबू शकते.

बडोद्यात घरोघरी झोपाळा असतो, आणि बरं नसलेल्या माणसाला हौसेने तिथेच बसवतात. हलत्या पाटावरून उतरताना सगळा ताण पोटावर येतो. हात असलेली पक्की खुर्ची द्या. पलंगावरून उठताना आधी गुडघे वाकवून पूर्ण कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांनी रेटून बसायचं. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. दवाखान्यातून रिक्षाने येतानाही ती मांडीवर हवीच.

दुखणं रोज थोडं तरी कमी व्हायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते उलट वाढलं, पोट फुगून टणक झालं, उलट्या थांबेनात, ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला किंवा लघवी होईना, तर जास्तीची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. आतड्याला किंवा मूत्रनलिकेला (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) इजा झाली असेल तर ती अशीच उघड होते. पोटरी सुजून दुखली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्रीचे 2 वाजले असले तरी गाडी काढा.