नाव शेवटी विचारा

दूतावासाच्या मदत-कक्षात नवीन माणूस आला की त्याला कलमं शिकवण्याआधी फोन घ्यायला शिकवावं.

सरावाला असा प्रसंग धरा: घरकामाला सौदीत गेलेली खेडकडची बाई बाथरूममधून दबक्या आवाजात बोलतेय. "ताई, बाजूला कोणी आहे? नुसतं हो-नाही म्हणा." मग, "मारहाण होतेय? दार बाहेरून बंद आहे? जेवण मिळतंय?" सगळं हो-नाहीत भागेल असंच विचारायचं. त्यानंतर लोकेशन, आणि परत फोन कधी केलेला चालेल ती वेळ. नाव, पासपोर्ट नंबर शेवटी. पासपोर्ट बहुतेक वेळा कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर तिचा व्हिसा असतो त्या मालकाच्या, कपाटात असतो. झेरॉक्स गावच्या घरी ट्रंकेत सापडते.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे "लगेच घर सोडा". जिवावर बेतलं असेल तर सोडायलाच हवं. एरवी कफील बाई पळून गेल्याची नोंद करतो, त्या नोंदीला तिकडे हुरूब म्हणतात, आणि परतीची वाट तिथेच अडते. इमर्जन्सी सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे सुटका झाली, हाही गैरसमज. ते पासपोर्टऐवजी, भारतात एकदा परतण्यापुरतं. सौदीतून निघायला एक्झिट व्हिसा वेगळा लागतो.

अटक झालेल्याचं वेगळं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं, की कैद्याने मागणी केली तर पोलिसांनी दूतावासाला कळवायचं. म्हणून घरच्यांना सांगावं: त्याच्याशी बोलणं झालंच तर "दूतावासाला कळवा" असं त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणायला सांगा.

रत्नागिरीकडच्या खलाशाचा फोन असेल तर आधी जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), झेंडा कुठल्या देशाचा, शेवटचा पगार कुठल्या तारखेचा. दोन महिने पगार थकला की सागरी कामगार करारानुसार खलाशांना वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. करार लागू असेल तर विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च निघतो. "थोडं थांबा" म्हणणाऱ्याला हे माहीतच नसतं.

गावाकडून भाऊ, मेहुणा, सरपंच, सगळेच फोन करतात. बोलायला एकच माणूस ठरवून घ्या, परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरचा तक्रार क्रमांक त्याच्याकडे द्या, आणि बाईचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका म्हणून बजावा. तो फिरत फिरत कफीलपर्यंत पोचतो.

"दोन दिवसांत आणतो" असं बोलूच नये. "उद्या अकराला फोन करतो" म्हणावं, आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी करावा. सौदीतले अकरा म्हणजे गावचे दीड, हेही सांगून ठेवावं, नाहीतर सकाळपासून घर फोनपाशी बसून राहतं.