रिव्हर्स खरखरतो म्हणून गिअरबॉक्स खोलण्याआधी

ताडोब्यात जिप्सी चालवणाऱ्याचा सगळ्यात कामाचा गिअर म्हणजे रिव्हर्स. वाघ एकदा रस्त्यावर आला की बरेचदा रस्त्यानेच चालत राहतो, थेट गाडीच्या दिशेने. मग त्याला वाट देत, अंतर राखत, गाडी हळूहळू मागे घ्यावी लागते. मागे आणखी गाड्या, गाडीत पाहुणे, शेजारी गाईड, आणि अशा वेळी गिअर टाकताना ‘खर्रर्र’ झालं की त्या जनावराची चाल बिघडते. म्हणून १ ऑक्टोबरला कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, उघडल्यावर पहिल्याच फेऱ्यांमध्ये माझ्या गाडीचा रिव्हर्स खरखरायला लागला, तेव्हा तो विषय मी पुढे ढकलला नाही.

गाडी २००३ ची जिप्सी किंग. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. पावसाळ्यात कोअर बंद असतो तेवढे महिने ती शेडमध्ये उभी होती. शेडला छप्पर आहे, पण बाजू उघड्या, त्यामुळे आमच्याकडच्या पावसाची ओल गाडीला लागतेच. लक्षणं अशी होती: उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना खरखर, पहिला गिअर जोर लावून घालावा लागायचा, पण गाडी चालायला लागली की दुसरा-तिसरा बिनतक्रार पडायचा. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने छोटी चक्कर मारली आणि सांगितलं, “भाऊ, सिंक्रो गेले. गिअरबॉक्स खोलाच लागते.” सोबत खर्चाचा आकडाही सांगितला.

मला ते पटलं नाही. सिंक्रो म्हणजे गिअर पडण्याआधी शाफ्ट आणि गिअरचा वेग जुळवून देणाऱ्या रिंगा. त्या गेल्या असत्या तर चालत्या गाडीत गिअर बदलताना त्रास झाला असता. इथे उलटं होतं. त्यातून रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. मंगळवारी कोअर बंद असतो, म्हणून मंगळवारी गाडी घेऊन गावातल्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. हे काका आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जिपा दुरुस्त करत आलेत. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, “बाबू, आधी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहू न.”

इंजिन बंद असताना रिव्हर्ससकट सगळे गिअर पडले. कुठे दात समोरासमोर आले तर गाडी हाताने जराशी ढकलायची की पडतो, ती अडचण नव्हे. एवढ्यावरून कळलं की लिव्हरची हालचाल फोर्कपर्यंत (आतले गिअर सरकवणारा चिमटा) नीट पोचते आहे आणि आत काही वाकलेलं, अडकलेलं नाही. लिव्हर मात्र न्यूट्रलमध्ये खूपच डुलत होता. जिप्सीत तो थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. रबरी बूट वर करून झाकण दाबून फिरवलं की अख्खा लिव्हर हातात येतो. त्याच्या बुडाशी प्लॅस्टिकची एक वाटी असते, ती तडकली होती. किरकोळ पैशांत नवीन मिळते. ती बदलल्यावर लिव्हर ठिकाणावर आला. खरखर तशीच राहिली, आणि ते अपेक्षितच होतं.

मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबला आणि थोडं थांबलो. क्लच दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला तर चांगली गाडीही कधी कधी खरखरते, कारण टॉप शाफ्ट, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा, आधीच्या वेगाने थोडा वेळ फिरत असतो. काही सेकंदांत तो थांबायला हवा. काकांनी आणखी एक गोष्ट करायला लावली: क्लच न सोडता आधी पहिला गिअर, तिथून रिव्हर्स. पहिल्याचा सिंक्रो शाफ्टला थांबवतो. त्यानंतरही रिव्हर्स खरखरला तर क्लच दाबलेला असूनसुद्धा इंजिन शाफ्टला ओढतंय असा अर्थ होतो. माझी गाडी खरखरली. शेवटची खात्री म्हणून मोकळ्या मैदानात, पुढे-मागे कुणी नाही हे बघून, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारला. इंजिन चालू झालं आणि गाडी हळूच पुढे सरकू लागली. क्लच सुटत नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नव्हतं. गिअरबॉक्सला उगाच दोष दिला जात होता.

क्लच न सुटण्याची कारणं काही बाहेर असतात, काही बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कव्हरच्या, आत. बाहेरची फुकट तपासता येतात, म्हणून सुरुवात तिथून. भाच्याला पेडल दाबायला बसवलं आणि मी खाली शिरून क्लचची आर्म किती हलते ते पाहिलं. जिप्सीचा क्लच वायरचा आहे, हायड्रॉलिक नाही. वायर लांबली किंवा तिचे आतले तार तुटायला लागले की पेडल तळाला टेकतं पण आर्म अर्धवटच हलते. माझ्या वायरच्या टोकाशी दोन-तीन तार सुटले होते आणि कव्हरमध्ये जंगलातली धूळ ग्रीसमध्ये मिसळून घट्ट चिखल झाला होता. नवीन वायर घातली. आर्मच्या टोकाशी २ ते ४ मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) राहील इतपत नट बसवला. हा प्ले पूर्ण काढून टाकायचा मोह होतो, कारण त्याने क्लच लगेच सुटल्यासारखा वाटतो. पण मग क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम घासत राहतं, आणि क्लच प्लेट झिजत गेली की क्लच स्लिप व्हायला लागतो. तसं करू नये.

पेडल दाबताना फायरवॉलकडेही, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधल्या पत्र्याकडेही, बघायचं. जुन्या गाड्यांत पेडलचं ब्रॅकेट जिथे बसतं तिथला पत्रा गंजून चिरतो आणि पेडल दाबलं की डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होतो. वायरची अर्धी ओढ तिथेच संपते. माझ्या गाडीचा पत्रा शाबूत निघाला.

वायर बदलल्यावर फरक पडला, पण गरम इंजिनवर रिव्हर्स पुन्हा कुरकुरलाच. मग आवाज ऐकायला बसलो. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे फक्त कान आणि डावा पाय लागतो. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की बंद होते, तेव्हा टॉप शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. पेडलवर नुसता पाय टेकवला की चिरचिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. आणि गाडी गिअरमध्ये उभी, क्लच पूर्ण दाबलेला, अशा वेळी बारीक किंकाळी आली तर फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागचं जड चाक) मधोमध बसणारं छोटं पायलट बेअरिंग बघावं लागतं. शाफ्टचं पुढचं टोक त्यात बसतं. क्लच दाबल्यावर शाफ्ट थांबतो आणि फ्लायव्हील फिरत राहतं, त्यामुळे ते बेअरिंग तेव्हाच खरं काम करतं. ते जाम झालं की फ्लायव्हील शाफ्टला सोबत फिरवतं. मग क्लच कितीही सुटला तरी उपयोग नाही. माझ्या गाडीत हीच बारीक किंकाळी होती. आता गिअरबॉक्स उतरवणं भाग होतं. उतरवणं आणि खोलणं यात पैशांचा फार मोठा फरक आहे.

आधी त्याचं तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी रंगाचा बारीक लेप असतो, तो एवढ्या जुन्या गाडीत चालतो. दातांचे तुकडे दिसले, किंवा तेलात पिवळी चमक दिसली, तर आत पितळी सिंक्रो रिंगा झिजताहेत असं समजायचं. तेल दुधट असेल तर नाल्याचं पाणी शिरलंय. माझं तेल काळपट होतं, पण स्वच्छ होतं. गिअरबॉक्स न खोलण्याचा निर्णय तिथेच पक्का झाला.

जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी, मागे बसते आणि दोघांमध्ये एक छोटा शाफ्ट असतो. तो काढला, गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार दिला, बोल्ट काढून सरळ रेषेत मागे ओढला. गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, नाहीतर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवीन प्लेट घालूनही क्लच सुटत नाही. बेल हाउसिंगमधून तांबडी भुकटी खाली पडली. टॉप शाफ्टच्या खाचांवर गंज चढला होता. प्लेट त्या खाचांवर हाताने पुढे-मागे सहज सरकायला हवी, ती दोन ठिकाणी अडकत होती. दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे हटल्यावर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून थोडी तरी सुटायला हवी, पण ती चिकटून राहत होती. पायलट बेअरिंग बोटाने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरीत लागलं. पावसाळाभर गाडी उभी ठेवण्याचा आणि त्याआधीच्या उन्हाळ्यातल्या धुळीचा हा एकत्र परिणाम.

प्लेटच्या रिबेटी (अस्तर धरणारे खिळे) पृष्ठभागापासून किमान अर्धा मिलिमीटर आत हव्यात. माझ्या अजून होत्या. तरी प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग सगळं बदललं. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यातच जातो, तो दोनदा द्यायचा नव्हता. २०१९ नंतर नवी जिप्सी शोरूममध्ये मिळत नसली तरी हे भाग बाजारात मिळतात. क्रँकचं मागचं सील कोरडं होतं. ते ओलं असतं तर तेव्हाच बदललं असतं, कारण तेल प्लेटवर गेलं की क्लच स्लिप होतो. फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले होते, म्हणून लेथवर हलका फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, घेतला. खाचा तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. जास्त ग्रीस उडून प्लेटवर बसतं. प्लेट मधोमध धरायला काकांकडे लाकडाची खुंटी कातून ठेवलेली आहे. शेवटी गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं तेल भरलं, कारण काही जीएल-५ तेलांमुळे पितळी सिंक्रोंना त्रास होतो.

बुधवारी पहाटेच्या फेरीत रिव्हर्स आवाज न करता पडला.

फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, नाल्यातून चढताना उसळून बाहेर यायचा, ती तक्रार मात्र वेगळी निघाली. भाच्याने ब्रेक धरला, फोर-लोमध्ये क्लच जरासा सोडला, आणि ट्रान्सफर केस तिच्या रबरी माउंटवर इतकी वळली की लिव्हर फ्लोअरच्या कडेला आपटला. एक माउंट पार फाटला होता. तिन्ही बदलले, ट्रान्सफर केस खोलावी लागली नाही.

आता पावसाळ्यात गाडी दर आठवड्याला चालू करून क्लच बरेचदा दाबतो-सोडतो आणि शेडमधल्या शेडमध्ये पुढे-मागे घेतो. आमच्याकडे ट्रॅक्टर बरेच दिवस उभा ठेवताना त्याचा क्लच दाबून अडकवून ठेवतात, त्यामागचं कारणही प्लेट चिकटू नये हेच.

कोलारा गेटवरच्या एका मित्राची गाडी यानंतर अशीच तपासली. त्याचा रिव्हर्स शांत पडत होता, पण चालत्या गाडीत तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना खरखर व्हायची. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, जरा रेस देऊन, पुन्हा क्लच दाबून टाकला की दुसरा मुकाट पडायचा. तेल काढलं तर उन्हात सोन्यासारखं चमकलं. त्याचा गिअरबॉक्स मात्र खोलावाच लागला, आणि दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजून गुळगुळीत झालेली निघाली.